श्रावणातली राजम्याची चिली, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात कुणालाही 'व्हेज चिली' म्हणलं की चायनीजच्या गाडीवरची प्लेट डोळ्यापुढं येते, सोया सॉस, ढोबळी मिरचीचे चौकोनी तुकडे आणि वर कांद्याची पात. मी सांगतेय ती चिली वेगळी. ही अमेरिकेतल्या टेक्सासकडची, मंद आचेवर तासभर रटरटणारी, दाट, तपकिरी झाक असलेली लाल, एक वाडगा खाल्ला की पोट भरतं अशी. मूळ पदार्थ मांसाचा, नावच 'चिली कॉन कार्ने', म्हणजे मांस घातलेली मिरची. १८८० च्या सुमाराला सॅन अँटोनिओ गावच्या चौकात संध्याकाळी बायका मोठमोठी भांडी घेऊन ही विकायला बसायच्या, त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणायचे, आणि १९७७ साली टेक्सासनं ही आपल्या राज्याची डिश म्हणून जाहीर केली. तिथले कट्टर लोक त्यात राजमा घालणंसुद्धा मान्य करत नाहीत. पण बिनमांसाची करायची म्हणलं की राजमाच तिचा कणा, त्याला पर्याय नाही.

आमच्या घरी ही आली श्रावणात. श्रावण लागला की आमच्याकडं तांबडा-पांढरा बंद, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि घरातली माणसं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासनंच काहीतरी भरभक्कम पायजे म्हणून मागं लागतात. तेव्हा माझा मामेभाऊ टेक्सासातनं सुट्टीला आला होता, त्यानं आमच्या किचनमध्ये उभं राहून ही करून दाखवली. त्यानंतर मी ती इतक्यांदा केलीय की कुठं चुकतं ते आता नीट माहीत झालंय, म्हणून लिहितेय. ज्यांनी आयुष्यात फक्त मॅगी केलीय त्यांनाही जमंल, फक्त घाई करायची नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण कोल्हापुरी हात इथंच चुकतो. कांदा-लसणाची चटणी यात घालायची नाही. चमचाभर पण नाही. मला माहितीय, डब्याकडं हात आपोआप जातो, आपल्याकडं लाल काही शिजायला लागलं की चटणी पडलीच पायजे. मी पहिल्यांदा एकटीनं केली तेव्हा दोन चमचे घातली, आणि जे तयार झालं ते चवीला चांगलंच होतं पण ती राजम्याची उसळ झाली होती, अख्ख्या मसूरची बहीण. चटणीत खोबरं आहे, तीळ आहेत, गरम मसाला आहे, ती स्वतःची चव घेऊनच येते आणि बाकी सगळ्यांना गप्प करते. चिलीत मुख्य चव मिरचीची असते. तिखटपणाची नव्हे, मिरचीची. वाळलेल्या मिरचीला स्वतःचा एक वास असतो, थोडा मनुक्यासारखा, थोडा मातीचा, थोडा धुरकट, तो आपण रोज तिखटाच्या मागं झाकून टाकतो. हा पदार्थ तो वास वर आणण्यासाठी करायचा.

दुसरी तशीच गोष्ट, अमेरिकन रेसिपीत 'चिली पावडर' लिहिलेलं वाचलं म्हणून आपलं तिखट तेवढंच घालू नका. तिकडं त्या नावाच्या डबीत मिरचीबरोबर जिरं, लसूण, ओरेगॅनो असं सगळं मिसळलेलं असतं, म्हणून ते लोक बिनधास्त तीन-तीन चमचे टाकतात. आपलं संकेश्वरीचं तिखट तीन चमचे टाकलं तर काय होईल ते सांगायला नको.

सामान सांगते, सहा जणांना पुरतं. मोठा लाल राजमा पाव किलो, अख्खा मसूर अर्धी वाटी, सोया ग्रॅन्युल्स एक वाटी (म्हणजे बारीक दाणेदार सोयाबीन, मोठ्या वड्या नव्हे). कांदे तीन मोठे, लसूण एक अख्खा गड्डा, ढोबळी मिरची दोन, गाजर एक, मक्याचे दाणे एक वाटी, लाल पिकलेले टोमॅटो पाऊण किलो. वाळलेली ब्याडगी दहा आणि संकेश्वरी तीन. जिरं दोन चमचे, धने एक चमचा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, ओरेगॅनो दीड चमचा, साखर नसलेली कोको पावडर एक चमचा, गुळाचा सुपारीएवढा खडा, एक लिंबू, मक्याचं पीठ दोन चमचे, तेल, मीठ, कोथिंबीर. लक्ष्मीपुरीत एका फेरीत किराणा सगळा मिळतो आणि भाजी कपिलतीर्थला. ओरेगॅनो पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या घरात साठलेल्या असतात त्या फोडा. नसलाच तर कुंडीतला पानओवा, जाड लुसलुशीत पानांचा, त्याची दोनच पानं बारीक चिरून घाला, त्या झाडाला बाहेरच्या देशात क्यूबन ओरेगॅनोच म्हणतात आणि वास खरंच त्या वळणाचा आहे. तिसरं पान घालू नका, काढ्याची चव येते.

गंमत बघा, या यादीतली मिरची, टोमॅटो, राजमा, मका, कोको, ढोबळी, हे सगळं मुळात अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज जहाजांवरनं मिरची आपल्याकडं आली ती सोळाव्या शतकात, आणि आज मिरचीशिवायचं कोल्हापूर कुणाच्या डोक्यात पण येत नाही. त्यामुळं हा पदार्थ मला कधी परका वाटला नाही.

आता राजमा. रात्री झोपताना भिजत घाला, भरपूर पाण्यात, कारण तो दुपटीपेक्षा जास्त फुगतो. आठ ते दहा तास. सकाळी ते पाणी ओतून टाका, भाजीला वापरायचं नाही, झाडाला घातलं तर चालतंय. मग दोनदा धुवा. हे मी नुसतं सवय म्हणून सांगत नाहीये. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासात उलट्या-जुलाब होऊ शकतात. ते उकळत्या पाण्यात नीट शिजवलं की नष्ट होतं, पण कोमट आचेवर नष्ट होत नाही, उलट कमी तापमानात अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त त्रास देतो. म्हणून परदेशी व्हिडिओ बघून कुणी इलेक्ट्रिकच्या स्लो कुकरमध्ये भिजवलेला राजमा तसाच टाकायला जाऊ नका. आपला प्रेशर कुकर या कामाला एक नंबर.

कुकरमध्ये खाली राजमा, त्याच्या वर दोन बोटं येईल इतकं ताजं पाणी, एक चमचा मीठ. मिठानं कडधान्य शिजत नाही असं घरोघरी ऐकायला मिळतं पण तसं काही होत नाही, उलट दाणा आतपर्यंत खारतो. वर छोट्या डब्यात धुतलेला मसूर पाणी घालून ठेवा. एक शिट्टी मोठ्या गॅसवर, मग गॅस एकदम बारीक करून वीस मिनिटं, मग बंद करून वाफ आपली आपण जाऊ दे. झाकण उघडल्यावर एक दाणा चाखून समाधान मानू नका. वेगवेगळ्या ठिकाणचे पाच दाणे काढा, अंगठा आणि बोटात दाबा. पाचही लोण्यासारखे दबले पायजेत आणि मधे पांढरी खडूसारखी कणी दिसता कामा नये. एक जरी कडक निघाला तर परत दहा मिनिटं. राजमा फार जुना असेल तर कितीही शिजवा, कडकच राहतो, त्यामुळं जिथं माल पटपट खपतो त्याच दुकानातनं घ्या. मसूर मात्र अगदी गाळ झाला पायजे, तो दिसायला नसतोच, चिलीला जो दाटपणा येतो तो त्याच्यामुळं.

शिजवलेल्या राजम्याचं पाणी ठेवा, ते लागणार आहे. भिजवलेलं टाकायचं, शिजवलेलं ठेवायचं, यात गल्लत नको.

राजमा पूर्ण शिजायच्या आधी टोमॅटोला हात लावू नका. आंबट लागलं की कडधान्याचं साल घट्ट होतं आणि मग दोन तास उकळलं तरी ते मऊ पडत नाही. एकदा मी वेळ वाचवायला सगळं एकदम कुकरला लावलं होतं, पाहुणे हॉलमध्ये बसलेले, आणि राजमा दाताखाली टकटक वाजत होता. त्या दिवशी शेवटी पिठलं-भाकरी वाढली.

मिरचीकडं येऊ, कारण खरा जीव इथं आहे. ब्याडगी रंगाला आणि वासाला, ती सुरकुतलेली लांब कर्नाटकातली मिरची, तिला तिखटपणा कमी. संकेश्वरी जाळाला, ती आपल्या शेजारचीच, गडहिंग्लज-संकेश्वर पट्ट्यातली. दोन्हीचे देठ मोडा, हलवून बिया झटकून टाका, सगळ्या नाही गेल्या तरी चालतंय. लोखंडी तवा मध्यम तापवा, तेल नको, आणि दोन-तीन मिरच्या एका वेळी टाका. आता तिथनं हलू नका. दहा-पंधरा सेकंदात मिरची थोडी फुगते, साल चमकायला लागतं, लाल रंग गडद होऊन काळ्या मनुक्याकडं झुकतो आणि एक गोडसर वास येतो. तो वास आला की लगेच उलटी करा, परत दहा सेकंद, आणि काढा. ठसका लागून डोळ्यात पाणी यायला लागलं म्हणजे उशीर झाला, ती मिरची जळली. जळलेली एक मिरचीसुद्धा सगळ्या भांड्याला कडू करते, ती टाकून द्या, वाईट वाटून घेऊ नका. खिडकी उघडी ठेवा आणि घरात लहान बाळ असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत.

भाजलेल्या मिरच्यांवर कढत पाणी ओता, वर ताटली ठेवा, वीस मिनिटं. मऊ झाल्या की लसणाच्या चार पाकळ्या आणि थोडं तेच पाणी घालून मिक्सरला एकदम गंधासारखं बारीक वाटा. पाणी आधी बोटानं चाखा, कडू असेल तर साधं पाणी वापरा. साल जाड राहिलं असं वाटलं तर चाळणीतनं दाबून काढा. हा जो गडद, चकचकीत गोळा हातात येतो त्याचा वास घ्या एकदा. चटणीच्या डब्याचा वास याला नाही, आणि तोच आपल्याला पायजे होता.

त्याच तव्यावर जिरं, धने, दालचिनी मंद भाजून खलबत्त्यात कुटा. मिक्सरला पण चालतंय पण इतकं थोडं मिक्सरच्या पात्याला नीट लागत नाही.

सोया ग्रॅन्युल्स उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग गाळून, थंड पाणी घालून, मुठीत घट्ट पिळा. परत पाणी, परत पिळा. दोनदा-तीनदा हे केलं की तो जो सोयाचा उग्र वास असतो, ज्याच्यामुळं अर्धी माणसं सोयाबीनला नाक मुरडतात, तो निघून जातो. ज्यांना सोया नकोच त्यांनी अर्धी वाटी लापशीचा दलिया भाजून घाला, चावायला तसंच लागतं.

आता जाड बुडाचं मोठं पातेलं. पातळ बुडाचं असेल तर चिली खाली लागणार म्हणजे लागणारच. चार मोठे चमचे तेल, त्यात पहिल्यांदा पिळलेलं सोया, पसरून, न हलवता दोन मिनिटं, मग हलवा, असं करत करत तपकिरी होऊ दे. काढून ठेवा. त्याच तेलात कांदा, जाडसर चिरलेला, चिमूट मीठ, आणि तो मऊ होऊन कडा सोनेरी होईपर्यंत दहा-बारा मिनिटं. मग गाजर आणि ढोबळी बारीक चिरून, पाच मिनिटं. मग उरलेला लसूण ठेचून. लसणाचा वास आला की कुटलेला मसाला आणि ओरेगॅनो टाका आणि एक मिनिट परता, बुडाला चिकटायला लागलं तर दोन चमचे राजम्याचं पाणी मारा. आणि मग मिरचीचं वाटण. ते तेलात पडलं की चुरचुरतं आणि उडतं, जरा लांब उभं रहा. तीन-चार मिनिटं सतत हलवत परता, रंग आणखी एक छटा गडद होईपर्यंत.

टोमॅटो अर्धे कापून किसणीवर किसा, साल हातात राहतं, फेकून द्या, हे मिक्सरपेक्षा सोपं आणि बिया पण करकरत नाहीत. तो रस घालून गॅस मोठा करा आणि कच्चा वास जाऊन सगळं घट्टसर होईपर्यंत, साधारण पंधरा मिनिटं आटवा. इथं बरेच जण घाई करतात आणि मग शेवटी चिली आंबट-कच्ची लागते, साखर घालून ती सुधारत नाही.

मग राजमा, घोटलेला मसूर, सोया, आणि राजम्याचं पाणी दोन-तीन वाट्या, सगळं बुडेल आणि वर बोटभर राहील इतकं. कोको पावडर गरम पाण्यात कालवून घाला. चॉकलेटची चव अजिबात येत नाही, घाबरू नका, फक्त खाली एक खोलपणा येतो जो कोळशावरच्या जेवणाला असतो तसा. गूळ आपला कोल्हापुरी आहेच. उकळी आली की गॅस अगदी बारीक, झाकण तिरकं, आणि पाऊण तास सोडून द्या. मधनं मधनं पळी बुडापर्यंत घालून खरवडत हलवा. वर मोठे बुडबुडे नकोत, एखादा बुडबुडा आळसावून फुटतोय असं दिसलं पायजे.

अर्ध्या तासानं मक्याचे दाणे टाका. शेवटच्या दहा मिनिटात मक्याचं पीठ कोरडंच तव्यावर वास येईपर्यंत भाजून, थंड झाल्यावर पाण्यात गुठळी न ठेवता कालवून ओता. टेक्सासमध्ये पण मक्याचं पीठच लावतात. मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर लावलं तर चकचकीत सूपसारखं होतं, ते नको. पळी उभी धरल्यावर चिली तिच्यावरनं ओघळता कामा नये, गोळ्यानं पडली पायजे. आणि वर तेलाचा तवंग शोधू नका. कट आला नाही म्हणजे बिघडलं असं आपल्याला वाटतं, मला पण वाटायचं, पण चिलीला कट नसतो. लाल रंग आतनं येतो.

गॅस बंद केल्यावर अर्धं लिंबू, आणि मग चाखा. सपक वाटली तर आधी मीठ बघा, दहातल्या आठ वेळा मीठच कमी असतं. तरी काहीतरी राहिलंय असं वाटलं तर उरलेलं लिंबू. तिखट कमी वाटलं तर चिमूटभर संकेश्वरीचं तिखट चमचाभर गरम तेलात फुलवून वरनं. जास्त तिखट झाली असेल तर पाणी ओतू नका, वाढताना चक्का घाला, दुधातल्या प्रथिनानं तिखट खरंच उतरतं, पाण्यानं नाही.

वाढायला काय, तर तिकडं क्रीम, चीज आणि मक्याचा ब्रेड घेतात. मी फडक्यात दही दोन तास टांगून ठेवते, तो चक्का, वर बारीक कच्चा कांदा आणि कोथिंबीर. खाली गरम भात घ्या नाहीतर जोंधळ्याची भाकरी, कडक भाजलेली. आणि मिसळीबरोबर आपण जो स्लाइस ब्रेड घेतो ना, तो तव्यावर तूप लावून भाजून याच्याबरोबर घ्या, आमच्याकडं पोरं तोच मागतात. श्रावणात कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी मी कांद्याऐवजी किसलेला दुधी आणि लसणाऐवजी हिंग घालून केलीय. चांगली होते, पण वेगळी होते, मिरचीचं वाटण मग थोडं जास्त घ्या.

करायचीच असेल तर आदल्या दिवशी करा. रात्रभरात राजम्यात मिरची मुरते आणि दुसऱ्या दिवशीची चव पहिल्या दिवशीला येत नाही. मात्र पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवायचं नाही, पावसाळी हवेत कडधान्य पटकन फसफसतं. दोन-तीन पसरट भांड्यात काढा, कोमट झाली की दोन तासाच्या आत फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस टिकते, फ्रीजरला डबे भरून ठेवले तर दोन महिने सुद्धा. गरम करताना ती दगडासारखी घट्ट झालेली असते, तेव्हा थोडं कढत पाणी घाला आणि बुडबुडे येईपर्यंत नीट उकळा, मग परत एकदा मीठ बघा.